कापसानं भरलेली खोली आणि १ लाख ८० हजारांचे स्पीकर

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला शेतकरी. वय ५३. आठ एकर कोरडवाहू जमीन, त्यात कापूस, सोयाबीन, तूर. शेतीचा अन् घरचा खर्च जाता चांगल्या वर्षी दीड लाख उरतात. मागचे दोन वर्षं ९० हजारांच्या वर गेलो नाही. यंदा सव्वा लाख उरतील असं दिसते. मुलगी अमरावतीला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिचे वर्षाचे ८० हजार याच्यातूनच जातात. पीककर्ज १ लाख ४० हजार, दरवर्षी मुदतीत भरतो. बँकेत ३ लाखांची एफडी अन् बचत खात्यात ४५ हजार. गावच्या भजनी मंडळात मी ढोलक वाजवतो, बायको पेटी वाजवते. सूर उतरला की मंडळात पहिले तिलेच समजते. आजवर गाणं मोबाईलवर अन् एका जुन्या टेपवर ऐकलं. दिवाळीनंतर नागपूरला भाच्यासोबत एका दुकानात गेलो, तिथं मोठ्या स्पीकरवर वसंतराव देशपांडे ऐकले अन् डोळ्यांत पाणी आलं. सेट १ लाख ८० हजारांचा. दुकानदार म्हणतो ८ टक्क्यांनी देतो, ८,७०० रुपयांचे २४ हप्ते. बायको म्हणते गाणं तर तेच आहे, मोबाईलवर काय वाईट आहे, काहून एवढा पैसा घालता? पहिले थ्रेशरवर अठरा वर्षं काम केलं, रात्री डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत राहते, हेही सांगून ठेवतो. आवाजाच्या दर्जानं गाण्याच्या आनंदात खरंच फरक पडते का? पडत असन तर हप्त्यानं घ्यावं का एफडी मोडावी?

उत्तर : भाऊ, नमस्कार.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. फरक पडतो, चांगला पडतो. पण त्यातला बराचसा फरक पहिल्या पंचवीस-तीस हजारांत पदरात पडतो. म्हणून १ लाख ८० हजारांचा सेट घेऊ नका. हप्त्यानं नको आणि एफडी मोडूनही नको. तूर विकली की ३५ हजारांच्या आत बसेल असं काहीतरी रोखीनं घ्या. ते मात्र नक्की घ्या. ज्या माणसाच्या डोळ्यांत गाणं ऐकून पाणी येतं त्याला ‘हा खर्च फालतू आहे’ असं मी सांगणार नाही.

माझं बालपण आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. १९७२ला सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी योजना तेव्हा चालू होती, चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, टप्प्याटप्प्यानं मिळायचे. अशाच एका चुकाऱ्यातून वडिलांनी टेपरेकॉर्डर आणला. रेडिओ आधीपासून होताच, आकाशवाणी नागपूर लागायचं. आम्हा भावंडांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : टेपचा आवाज डिसेंबरात गोड होतो आणि उन्हाळ्यात कर्कश. आई म्हणायची, थंडीचा गुण आहे. खरं कारण मला फार वर्षांनी कळलं. डिसेंबरात मधली खोली वेचलेल्या कापसानं छातीपर्यंत भरलेली असायची. कापूस आवाज पितो. भिंतीवरून आणि टिनावरून उलटून येणारा आवाज तो गिळून टाकायचा आणि कानावर फक्त गाणं यायचं. मार्चपर्यंत कापूस विकला जायचा, खोली रिकामी व्हायची आणि त्याच टेपमधून तेच गाणं भांड्यांच्या ढिगातून आल्यासारखं वाटायचं. एक रुपया खर्च न होता आवाजाचा दर्जा बदलत होता आणि तो आम्हा पोरांनाही कळत होता. म्हणून कुणी ‘दर्जानं काही फरक पडत नाही’ म्हटलं की मला पटत नाही.

वहिनींचं म्हणणंही मात्र खोटं नाही. मिडियम वेव्ह रेडिओवर आवाजाचा फार अरुंद पट्टा येतो. आपल्याकडे दोन स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा जितका मोठा तितका सूर बारीक), त्यामुळे साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं गळून जातं. तरुण माणसाचा कान २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे १९४८पासून नागपूर केंद्र ऐकणाऱ्या दोन-तीन पिढ्यांनी तंबोऱ्याची वरची झळाळी फारशी न ऐकताच गाण्यावर जीव लावला. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, खरखरीनं भरलेल्या. लोक आजही त्या ऐकून हलतात. सूर, लय, शब्द आणि आपल्या आठवणी अरुंद वाटेनंही पोचतात. वहिनींचा कान तयार आहे. मोबाईलवर जे गळतं ते त्या मनातल्या मनात भरून काढत असतील. पेटी वाजवणाऱ्याला पुढचा सूर माहीत असतो.

मग तुम्हाला नागपुरात रडू का आलं? तुम्ही ढोलक वाजवता, यातच मला त्याचं उत्तर दिसतं. डाव्या हाताचा घुमारा, तबल्यातला डग्गा, हे खालचे आवाज शे-दीडशे हर्ट्झच्या आसपास राहतात. मोबाईलचा नखाएवढा स्पीकर तिथवर उतरूच शकत नाही, कारण तेवढी हवा हलवायला मोठा पडदा लागतो. आपला मेंदू वरच्या सुरांवरून खालच्या सुराचा अंदाज बांधतो, म्हणून चाल बिघडत नाही. पण अंदाज बांधणं वेगळं आणि छातीत धक्का जाणवणं वेगळं. आयुष्यभर स्वतःच्या तळव्याखाली तो घुमारा अनुभवलेल्या माणसाला रेकॉर्डिंगमधला डग्गा पहिल्यांदा अंगावर आला. त्यात मूर्तिजापुरात जन्मलेल्या आपल्या वसंतरावांची ती लयीशी झोंबणारी गायकी! तबला नीट ऐकू येत नसेल तर त्या गायकीतलं अर्धं भांडण कळतच नाही. तुमचं पाणी खरं होतं, भाऊ. दुकानदारानं भुलवलं असं मनात आणू नका.

आता पैशाकडे येतो. मोबाईलवरून बऱ्यापैकी स्पीकरवर जाताना डग्गा मिळतो, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणकार, मिळते, गायकाचा श्वास मिळतो. ही उडी मोठी आहे. तिथून पुढे मिळतं ते थोडं थोडं असतं आणि त्याची किंमत मात्र दुपटीनं वाढते. अमेरिकेतल्या बोस्टन परिसरात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं रेकॉर्डिंग आणि तेच सीडीच्या दर्जाला उतरवून, असं दोन्ही लोकांना न सांगता ऐकवलं. ५५४ प्रयत्नांत बरोबर ओळखलं गेलं २७६ वेळा. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. स्पीकरची गोष्ट थोडी वेगळी आहे, दोन स्पीकरांतला फरक कानाला कळतो. पण महागड्या वायरी, ‘हाय-रिझोल्यूशन’चे डबे यांवर तुमच्यासारख्यानं एक दमडी घालू नये. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये असं काही असेल तर आधी त्यावर काट मारा.

शिवाय रेकॉर्डिंगमध्ये जेवढं आहे तेवढंच बाहेर येणार. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. त्यांच्या आवाजातली खंजिरी भजनं त्या काळच्या साधनांवर टिपलेली आहेत. दोन लाखांच्या स्पीकरवर ती अधिक गोड होणार नाहीत, फक्त फितीची सळसळ जास्त स्पष्ट ऐकू येईल. तुमच्या संग्रहात अशी जुनी भजनं किती आणि नवी रेकॉर्डिंगं किती, हे एकदा मोजून पाहा.

हप्त्याचं गणित कागदावर मांडू या. १ लाख ८० हजारांवर ८ टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज होतं २८,८००. मुद्दल धरून २ लाख ८ हजार ८००. भागिले २४, बरोबर ८,७००. दुकानदारानं खोटं सांगितलं नाही, पण हा फ्लॅट दर आहे. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, वर्ष संपताना निम्मंच देणं उरतं, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण १ लाख ८० हजारांवर लावलेलं असतं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या हिशेबानं हाच दर १५ टक्क्यांच्या जवळ जातो. उद्या तो म्हणेल, ‘बरं, शून्य टक्क्यानं करून देतो.’ तर लक्षात ठेवा, रिझर्व्ह बँकेनं २०१३मध्ये बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याज वस्तूच्या किमतीत नाहीतर प्रोसेसिंग फीमध्ये जाऊन बसतं. त्याला एकच विचारा : रोखीनं घेतलं तर किती कमी करता?

त्याहून मोठी अडचण दुसरीच आहे. वर्षाचे हप्ते होतात १ लाख ४ हजार ४००. मुलीचे ८० हजार गेल्यावर तुमच्याकडे यंदा ४५ हजार राहतील आणि मागच्या दोन वर्षांसारखं वर्ष आलं तर दहा. उरलेले हप्ते कुठून भरणार? हप्ता पगारदाराच्या मापानं शिवलेला असतो. तुमच्या घरी पैसा सोयाबीनसोबत, मग कापसासोबत आणि शेवटी तुरीसोबत येतो. जून ते सप्टेंबर तो फक्त बाहेर जातो. बी, खत, फवारणी, निंदणाची मजुरी, हे सगळं चालू असताना जुलैच्या पाच तारखेला ८,७०० कापले जाणार. खात्यात नसले तर दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअर उतरतो. तुम्ही आजवर पीककर्ज मुदतीत भरून जी पत कमावली तिचं मोल मोठं आहे. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं की केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तुम्हाला ते बिनव्याजी पडतं. एवढं स्वस्त भांडवल शेतकऱ्याला दुसरीकडे कुठेच मिळत नाही. स्पीकरच्या हप्त्यापायी ती मुदत एकदा जरी चुकली तरी तो स्पीकर तुम्हाला आणखी महाग पडला असं समजा. आणि पीककर्जाच्या रकमेतून सेट घेण्याचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो आजच काढून टाका.

एफडीचं काय? ३ लाखांतून १ लाख ८० हजार गेले की १ लाख २० हजार राहतात. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याज थोडं कापलं जातं, ते बाजूला ठेवा. मुलीचं चौथं वर्ष यायचं आहे. पुढचं वर्ष कोरडं गेलं आणि त्यातून काहीच उरलं नाही, तर तिचे ८० हजार इथूनच द्यावे लागतील. मग राहिले ४०. मृग बरसून नंतर पंधरा-वीस दिवस उघडीप पडली की दुबार पेरणी येते, हे मी तुम्हाला काय सांगू! त्या पेरणीला लागणारा पैसा म्हणजे ही एफडी. पिकाला पाणी नसताना तुमच्या घराला हीच विहीर आहे. तिच्यावर ७ टक्के व्याज धरलं तर दहा वर्षांत रक्कम जवळपास दुप्पट होते, पण माझं कारण ते नाही. कोरडवाहू माणसाच्या हाताशी एका वाया गेलेल्या हंगामाचा खर्च कायम पडून असावा, असं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. त्याला हात लावायचा तो आजारपणाला, पेरणीला आणि लेकराच्या शिक्षणाला.

एक हिशेब तुमच्या बाजूनंही मांडायला हवा. रोज दोन तास ऐकलं तर दहा वर्षांत ७,३०० तास होतात. १ लाख ८० हजारांचा सेट म्हणजे तासाला पंचवीस रुपये. एवढ्या आनंदाला ही किंमत काही अवाजवी नाही, हे मला मान्य आहे. तुमच्याकडे विहिरीचं पाणी असतं, मुलगी नोकरीला लागलेली असती, तर मी कदाचित ‘घ्या’ म्हटलं असतं. पण ३५ हजारांत तोच तास पाच रुपयांच्या आत पडतो आणि आनंद पाचपटीनं कमी होत नाही.

आता त्या ३५ हजारांचं सांगतो, कारण इथे घाई केली तर तेही वाया जातील. सर्वांत आधी कान. अठरा वर्षं थ्रेशर आणि रात्रीची शिट्टी, ही गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिली, पण मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटली. मी डॉक्टर नाही. मात्र मोठ्या आवाजात काम केलेल्यांचं वरच्या पट्टीतलं ऐकणं आधी जातं आणि वयानंही तेच जातं, एवढं ठाऊक आहे. महागड्या स्पीकरची बरीचशी किंमत त्याच वरच्या पट्टीतल्या नाजूकपणासाठी मोजलेली असते. यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा आणि ऑडिओमेट्री करून घ्या. कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं त्याचा आलेखच हातात मिळतो. स्पीकर पाहायला जाण्याआधी हा आलेख हवा. आणि मळणीच्या जवळ पुन्हा उभं राहायचं असेल तर कानात बोळे घातल्याशिवाय नको. पुढचे सगळे तास त्याच कानांवर अवलंबून आहेत.

मग खोली. तुमच्या घराला टिन आहे की स्लॅब, हे तुम्ही लिहिलं नाही. मी टिन धरून चालतो. मधल्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झणझण आली तर आधी तिचा बंदोबस्त करा. स्पीकरच्या समोरच्या भिंतीला जुनी गादी उभी करा, फरशीवर जाड सतरंजी टाका, दोन वाकळी बाजूच्या भिंतींवर टांगा. नागपूरच्या दुकानात गालिचा आणि जाड पडदे होते का, आठवून पाहा. बहुतेक असतील. तो सेट तुमच्या उघड्या खोलीत तसा वाजलाच नसता. यंदाचा कापूस अजून घरात असेल तर ढिगाशेजारी बसून तुमची जुनी टेप लावून पाहा. मी काय म्हणतो ते कळेल.

तिसरी गोष्ट वीज. खेड्यातला दाब कधी खाली उतरतो, कधी अचानक चढतो, आणि पावसाळ्यात विजा. चांगल्या मिस्त्रीकडून अर्थिंग तपासून घ्या, एक स्टॅबिलायझर घ्या आणि आभाळ गडगडलं की प्लग काढून ठेवा. साध्या, स्वस्त इन्व्हर्टरवर सेट चालवला तर गाण्याच्या मागे सतत गुणगुण ऐकू येते. भारनियमनाच्या वेळी मोबाईल आहेच. या सगळ्याला पाच हजार धरा.

उरलेल्यांपैकी पंधरा-अठरा हजारांत दोन छोटे, फळीवर ठेवायचे स्पीकर आणि आठ-दहा हजारांत साधा अ‍ॅम्प्लिफायर बसतो. बॅटरीवाला गोल ब्लूटूथ डबा किंवा टीव्हीखालची पट्टी नको. बॅटरी काही वर्षांत दम सोडते आणि ती दुरुस्त करणारा दारव्ह्यात मिळेलच असं नाही. लाकडी खोक्यातला साधा स्पीकर वीस-वीस वर्षं जातो. फक्त पडद्याच्या कडेला फोमऐवजी रबर आहे ना, ते बघा. फोम काही वर्षांनी भुगा होऊन गळतो. गाणं मोबाईलमधूनच द्या, पण वायर लावून. अ‍ॅपमध्ये ३२० केबीपीएसचा (सेकंदाला ३२० किलोबिट) दर्जा निवडा. त्याला तासाला १४४ एमबी लागतात. दिवसाचा दीड जीबीचा पॅक असेल तर दोन तास ऐकूनही निम्म्याहून जास्त डेटा उरतो. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या, आधीच दाबून लहान केलेल्या फाइली मात्र चांगल्या स्पीकरवर उघड्या पडतात, त्या पुसून टाका.

हे सगळं करून दोन-तीन हजार हाती राहिले तर ते पेटीचे सूर लावून घ्यायला आणि ढोलकाची पुडी बदलायला खर्च करा. मंडळातल्या पेटीचा एक सूर जरी उतरलेला असला तरी वहिनी तो दर आठवड्याला सोसत असतील. आवाजाच्या दर्जाचा प्रश्न तिथेही आहेच.

दुकानात जाताना तुमच्या ओळखीची दोन-तीन गाणी सोबत न्या. त्यात तुम्ही स्वतः वाजवलेलं मंडळाचं एखादं रेकॉर्डिंग असलं तर फार उत्तम, कारण तुमचा ढोलक कसा वाजतो हे तुमच्याहून चांगलं कुणाला माहीत? दोन स्पीकर तोलताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला लावा. जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, ही सगळ्यांच्या कानांची खोड आहे. दुकानात गर्दी नसेल अशा सकाळी जा, घाई करू नका. आणि भाच्याऐवजी वहिनींना सोबत न्या. दुकानदाराशी किमतीचं बोलणं काढण्याआधी त्यांना डोळे मिटून बसू द्या आणि कोणत्या स्पीकरवर पेटी पेटीसारखी वाजते, ते त्यांनाच सांगू द्या.